विहीर कुणी बंद केली?

"पण मंग सरकार म्हणजे नेमकं कोण, बाबा? मला एकदा दाखवा."

खडकबाबा बेलाची पानं निवडत होते. फाटकं पान बाजूला, धड पान परडीत.

"दाखवा म्हणजे?"

"म्हणजे त्याला हात लावता आला पायजे. गचांडी धरता आली पायजे."

"गचांडी कशाला?"

"त्यानं आमचा दवाखाना नेला."

बाबांनी आणखी एक पान उजेडात धरलं.

सावरदरा गावाच्या टोकाला काळा खडक आहे. त्याच्यावर मठ, मठासमोर विहीर. भर उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या विहिरी तळाला जातात, ही जात नाही. बाबा या खडकावर कधी येऊन बसले ते गावात कुणालाच सांगता येत नाही. विचारलं तर बाबाही सांगत नाहीत.

प्रश्न विचारणारा होता विश्वंभर शेळके. गावात त्याला दिल्लीकर म्हणत. जालन्याच्या पुढं तो कधी गेला नव्हता, पण दिल्लीचं सरकार टिकणार की पडणार, राज्यपालाला काय करता येतं आणि काय नाही, कुणाला किती खासदार कमी पडतात, हे सगळं त्याच्या जिभेवर असे. पारावर लोक त्याला विचारत, तो सांगे. खरं तर लोकांनी विचारलं नाही तरी सांगे.

आज मात्र तो स्वतःच विचारायला आला होता. सोबत लेक होती. कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. चढ चढून ती दमली होती. ओसरीच्या खांबाला टेकून, पाय लांब करून ती बसून राहिली.

"गावातली सिस्टर गेली का मग?" बाबांनी विचारलं.

"परवा गेली. तिचं सामान टेम्पोत भरलेलं मी डोळ्यांनी बघितलं. कपाट, खाट, बाळं जोखायचा तो काटा. सगळं नदीपलीकडं, लोणवाडीला."

"लोणवाडी काही लांब नाही."

"आज न्हाई. आषाढात फरशी पूल पाण्याखाली गेला की लोणवाडी आणि लंका सारखीच." त्यानं लेकीकडं पाहिलं, मग आवाज खाली केला. "आन् हिची तारीख आषाढातलीच हाये."

बाबांचा हात थांबला. एवढंच.

"कुणाला भेटलास?"

"कुणाला न्हाई भेटलो ते इचारा. हुकूम आल्यापासून महिनाभर हिंडतोय. तालुक्याला गेलो. साहेब म्हणाले, आमच्या हातात काय न्हाई, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो. तिथला म्हणतो, वरून आलंय. वर म्हणजे कुठं, तर मुंबईला. मंग आमच्या एका पाव्हण्याच्या ओळखीनं मुंबईला फोन लावला. तर ते म्हणतात, खालून मागणी आली म्हणून आमी केलं."

"खालून म्हणजे कुठून?"

"तेच तर, बाबा. म्हणे तुमच्या सावरदऱ्यानंच ठराव दिलाय. गावात जागा न्हाई, दवाखाना दुसरीकडं नेला तर गावाची हरकत न्हाई."

"दिला असेल."

"कोण देईल?" विश्वंभर उसळला. "आपल्या हातानं आपला दवाखाना द्यायला गावाला काय येड लागलंय? मी एकूण एक ग्रामसभेला हजर असतो. असा ठराव झालाच न्हाई. ही सरपंचाची लबाडी हाये. आसारामनं घरात बसून कागद रंगवलाय."

"ग्रामसभेला काय करतात रे? मी कधी गेलो नाही."

हा प्रश्न मात्र विश्वंभरच्या आवडीचा निघाला. तो मांडी घालून नीट बसला.

"सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, की तिथंच शाळेत सभा. पंधरा ऑगस्टला बी तसंच. ग्रामसेवक विषय वाचतो, लोक मंजुरी देतात. लोकांशिवाय पान हलत न्हाई, बाबा. कायदाच तसा हाये."

"काय वाचतो?"

"विषय."

"कसले?"

"असतात की… दरसालचे."

"बरं. आणि तू?"

"मी व्हरांड्यात असतो. लोकं सोडतच न्हाईत मला. दिल्लीकर, आता काय व्हनार, दिल्लीकर, कोण येनार. जिलबी खायला बी सवड मिळत न्हाई."

बाबा पुन्हा पानं निवडू लागले. विश्वंभर जवळ सरकला. तो ज्यासाठी आला होता ते आता बोलणार होता.

"बाबा, आज सोमवार. सगळा गाव आरतीला येतो. आसाराम बी येतो. आरती झाली की बेलभंडारा ठेवा."

सावरदऱ्यात बेलभंडाऱ्याचा धाक अजून होता. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन जो खोटं बोलेल त्याचं घर बसतं, असं लोक मानत. कोर्टात बिनदिक्कत खोटी साक्ष देऊन आलेली माणसंही मठाच्या पायरीवर जपून बोलत.

"ठेवून काय करायचं?"

"एकेकानं उचलायचा आन् म्हणायचं, दवाखाना न्यायला मी मान्यता दिली न्हाई. ज्याचा हात थरथरला, तो चोर."

"आधी कोण उचलणार?"

"आधी मी."

"आधी तू?"

"बेधडक."

बाबांनी परडीतली पानं सारखी केली. एका वाटीत हळद काढून मधोमध ठेवली.

"बरं," ते म्हणाले.

दुपार झाली. गाव आलं. बायका येताना घागरी, हंडे घेऊन आल्या, कारण आरती करून परतताना मठाचं पाणी भरून न्यायचं हा ज्येष्ठातला नेम. सरपंच आसाराम आला आणि मागच्या बाजूला उभा राहिला. विश्वंभरनं त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर पायऱ्या उतरून गेला असता.

आरती झाली. प्रसादाचे फुटाणे आणि गूळ वाटायला सुरुवात झाली.

आरतीनंतर बाबा गावाला चार गोष्टी सांगत आणि शेवटी "मान्य?" म्हणून विचारत. ही पद्धत बाबांनी पाडलेली नव्हती. गावानंच ती ग्रामसभेतून उचलून मठात आणली होती. बाबा काही बोलून थांबले की लोक "मान्य" म्हणत, म्हणून मग बाबाच विचारू लागले.

"पुढच्या सोमवारी भंडाऱ्याच्या जेवणाची पाळी खालच्या आळीची. मान्य?"

"मान्य."

"चपला पायरीवर काढू नका, कडेला काढा. मान्य?"

"मान्य."

विश्वंभरला दोघांनी खांबापाशी गाठलं होतं. राज्यपाल सही करायला किती दिवस लावू शकतो, असा काहीतरी प्रश्न होता. विश्वंभर एक हात हलवून समजावत होता, दुसऱ्या हातात फुटाणे होते.

"घंटेची दोरी झिजलीय, नवी आणायची. मान्य?"

"मान्य."

"मठाची विहीर आजपासून बंद. कुणी पाणी भरायचं नाही. मान्य?"

"मान्य."

हात वर गेले. एक आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वरून गेला.

बाबा उठले. विहिरीपाशी गेले, पोहरा वर ओढून घेतला, दोराचं वेटोळं केलं, ते कठड्याजवळ ठेवलं आणि त्यावर बसले. बेलभंडाऱ्याची परडी त्यांनी मांडीवर घेतली.

कुणाचं लक्ष नव्हतं. लोक फुटाणे खात होते.

फुटाण्यांनी घसा कोरडा पडतो. घागर कडेवर घेऊन यमुनाबाई पहिल्यांदा आली.

"बाबा, उठा की जरा. दोर पायजे."

"विहीर बंद आहे."

"अगं बया. कवापासून?"

"आत्तापासून."

यमुनाबाई हसली. तिच्यामागच्या दोघी हसल्या. बाबांची थट्टा कधीमधी चाले. पण बाबा हसले नाहीत, आणि उठलेही नाहीत. हसू हळूहळू विरलं. मागून येणाऱ्या बायका थांबल्या, मग पुरुष गोळा झाले. ज्येष्ठाचं ऊन डोक्यावर आलं होतं.

"काय झालं?"

"विहीर बंद केली म्हणं."

"कुणी?"

"कुणास ठाव."

"पाणी आटलं का?"

"न्हाई ओ. दिसतंय की खाली."

गर्दी बाजूला सारत विश्वंभर पुढं आला. नियमाचा प्रश्न निघाला की त्याला राहवत नसे.

"हे काय, बाबा? विहीर मठाची असली तरी पाणी गावाचं हाये. गाव तहानेलं ठेवायचा अधिकार तुमाला कुणी दिला?"

"तू."

विश्वंभरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"कुणी?"

"तू दिलास."

"मी? कवा?"

"आत्ता. आवाज तुझाच मोठा होता."



मग एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. यमुनाबाईनं घागर खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. खालच्या आळीचा एक म्हातारा आपल्याच उजव्या हाताकडं बघत राहिला. मघाशी तो हात वर गेला होता, ते त्याला आता कळत होतं. घंटेच्या दोरीपर्यंत सगळ्यांना आठवत होतं. त्यानंतरचं कुणीच ऐकलं नव्हतं, आणि मान्य मात्र सगळ्यांनी म्हटलं होतं.

विश्वंभर काहीतरी बोलायला गेला, पण त्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता. मघाचा. राज्यपालाबद्दल बोलता बोलता, मध्येच, ओठावरची माशी हाकलावी तसा टाकलेला तो शब्द.

आणि त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज आला…

शाळेचा व्हरांडा. हातात कागदावर जिलबी, पाक मनगटापर्यंत ओघळलेला. दिल्लीत कोण येणार ते तो सांगत होता, पाचसहा जण तोंडाकडं बघत होते. आत ग्रामसेवक एका सुरात वाचत होता. गावात जागा उपलब्ध नसल्यामुळे… उपकेंद्र नदीपलीकडे… हरकत नसल्याबाबत… मान्य?

मान्य, असं विश्वंभर ओरडला होता. आतल्या लोकांच्या आधी. हे एकदाचं संपावं आणि आपल्याला पुढचं सांगता यावं म्हणून.

बाबांनी परडी पुढं केली.

"बेलभंडारा तयार आहे."

विश्वंभर परडीकडं बघत राहिला.

"आधी तू उचलणार होतास."

त्यानं हात पुढं केला. बोटं बेलाच्या पानापर्यंत गेली. वाटीतली हळद त्याला दिसत होती, आणि गर्दीच्या पलीकडं खांबाला टेकलेली कांचन दिसत होती. ती उठून उभी राहायचा प्रयत्न करत होती. एक हात कमरेवर, एक हात खांबावर.

त्याचा हात थरथरला. त्यानं तो मागं घेतला.

परडी तशीच होती. बाबांनी ती सगळ्यांच्या पुढून फिरवली. एवढं गाव गोळा झालेलं, पण एकानंही पान उचललं नाही.

सरपंच आसाराम मागून पुढं आला. 

"दिल्लीकर," तो हळूच म्हणाला, "तो कागद मी वाचला बी न्हाई. वरून आलेला मजकूर, ग्रामसेवकानं वाचून दाखवला. तुमी सगळ्यांनी मान्य म्हटलं. मला वाटलं, एवढे लोक म्हणतायत तर गावाच्या भल्याचंच असंल. म्हणून सही केली."

विश्वंभरला त्याच्यावर संताप यायला हवा होता. आला नाही. हे ऐकून तो जास्तच घाबरला. इतके दिवस त्याला वाटत होतं, कुणीतरी एक हरामखोर आहे, तो सापडला की झालं. आणि इथं तर सगळी आपलीच माणसं उभी होती. दवाखाना जावा असं त्यातल्या कुणालाच वाटलं नव्हतं. तरी तो गेला होता.

"म्हणजे… कुणीच…" तो पुटपुटला.



गर्दी थोडी हलली. कांचन वाट काढत येत होती. बायकांनी तिला जागा दिली. ती विहिरीपाशी आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"बाबा, पाणी पायजे."

"विहीर बंद आहे, पोरी. गावाला मान्य आहे."

"मला कुठं कुणी इचारलं?"

"सगळ्यांना विचारलं की."

"मी तिकडं बसलेले. पाठीला कळ लागलेली. मला काय ऐकू आलं न्हाई, म्हणून मी काय बोलले बी न्हाई."

बाबांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी कुणाकडं तरी निरखून पाहिलं.

"मग आता विचारतो. विहीर बंद. तुला मान्य आहे का?"

"न्हाई."

कुणीतरी श्वास आत ओढला. बाबांच्या "मान्य?"ला हे उत्तर मठात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"का?"

"तहान लागलीय."

बाबा उठले.

दोराचं वेटोळं त्यांनी उचललं आणि तिच्या पुढं धरलं. पण त्या अवस्थेत ती पोहरा कसा ओढणार? ती दोराकडं आणि मग वडिलांकडं बघू लागली.

विश्वंभर पुढं झाला. त्यानं दोर घेतला, पोहरा आत सोडला. आज त्याला पाणी फार खोल वाटलं. घाईघाईनं ओढताना निम्मं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं त्यानं लेकीच्या ओंजळीत ओतलं. कांचन प्याली, थांबली, पुन्हा प्याली. थोडं पाणी तिनं डोळ्यांना लावलं.

मग तिनं वडिलांच्या हातातला दोर घेतला आणि यमुनाबाईच्या हातात दिला. बायका पुढं सरकल्या. एरवी विहिरीवर केवढा गलका असतो, आज पोहऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

पाणी भरून लोक उतरू लागले. आसाराम जाताना विश्वंभरच्या खांद्यावर हात ठेवून गेला. विश्वंभर दगडी कठड्याखाली बसून राहिला. बाबा पुन्हा पानं निवडू लागले होते. कुणीच पान न उचलल्यामुळे बेलभंडाऱ्याची ती परडी जशीच्या तशी होती, पण ते पुन्हा एकेक पान बघत होते.

"बाबा."

"हं."

"आषाढ तोंडावर आलाय."

"हो."

"आसारामला सांगून सभा परत बोलवायला लावतो. पूर आला तर हिला घेऊन मी जाऊ कुठं? शाळेची एक खोली रिकामी हाये, ती दवाखान्याला देता येईल. जागा न्हाई कशी, जागा हाये. गावानं घालवला तर गावाला परत आणता बी येईल. येईल का न्हाई?"

बाबांनी पुढचं पान उचललं.

विश्वंभरचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

"इतकी वर्षं मी लोकांना सरकार समजावत बसलो, बाबा. आन् सरकारनं माझ्यापुढं येऊन मला इचारलं, तवा माझ्या तोंडात जिलबी व्हती. आता माझ्याच तोंडाचा मला भरवसा राहिला न्हाई. सभेत उभं राहून काय बोलायचं, ते तुमीच शिकवा."

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजपासून माझं डोकं बाजूला ठेवलं. तुमी म्हणाल ते मान्य."

बाबांच्या हातातलं पान तिथंच राहिलं…



"मी अजून काहीच म्हटलेलं नाही."